गिल्बर्ट फॉलियट हा राजाचा हस्तक होता का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, थॉमस बेकेट यांच्या भांडणात लंडनचा बिशप गिल्बर्ट फॉलियट उघडपणे राजाच्या बाजूला दिसतो. मग त्याला चर्चशी बेइमानी करणारा दरबारी बिशप म्हणावे, की त्याच्याही बाजूने काही सांगण्यासारखे आहे? गेली पंचवीस वर्षे मी मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवतो आहे आणि दरवर्षी वर्गात हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. बेकेटचा खून कॅथीड्रलमध्ये झाला, त्याला संतपद मिळाले, आणि त्यामुळे त्याला विरोध करणारा प्रत्येक जण आपोआप खलनायकाच्या रांगेत जाऊन बसला. फॉलियटचे नेमके हेच झाले. माझ्या मते तो हस्तक नव्हता. त्याच्या बऱ्याच निर्णयांमागे कायद्याचा पक्का विचार होता. मात्र ११७० साली त्याने केलेल्या एका गोष्टीचे समर्थन मला आजवर करता आलेले नाही.

आधी बाराव्या शतकातला बिशप म्हणजे नेमका कोण, हे स्पष्ट करायला हवे, कारण आजच्या बिशपवरून त्या बिशपची कल्पना येत नाही. तो आपल्या धर्मप्रांताचा मुख्य धर्मगुरू असे आणि त्याच वेळी राजाचा मोठा जमीनदार सरदारही असे. चर्चच्या नावावरची गावे, शेते, जंगले आणि न्यायालये त्याला राजाकडून मिळत, आणि त्या बदल्यात युद्धाच्या वेळी ठरलेल्या संख्येने शिलेदार पुरवण्याचे बंधन त्याच्यावर असे. लंडनच्या बिशपकडून २० आणि कँटरबरीच्या आर्चबिशपकडून ६० शिलेदार राजाला येणे होते. म्हणजे हा मनुष्य दोन शपथांनी बांधलेला होता. राजासमोर त्याने निष्ठेची शपथ घेतलेली असे, आणि आपल्या आर्चबिशपला व त्याच्यामार्फत पोपला आज्ञाधारक राहण्याचे वचन दिलेले असे. दोन्ही धनी एकमतात असले की काही अडचण नसे, पण त्यांचे बिनसले की बिशप जात्यात सापडे. आपल्याकडे सरंजामदारांवर दोन गाद्यांमधून निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांची जी ओढाताण झाली, ती ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

फॉलियटला या ओढाताणीची ओळख बेकेटच्या फार आधी झाली होती. तो क्लूनीच्या प्रसिद्ध मठातला साधू. ११३९ मध्ये तो ग्लॉस्टरच्या मठाचा मठाधिपती झाला, आणि त्याच वर्षी रोमच्या लॅटरन धर्मसभेत सम्राज्ञी मटिल्डाच्या इंग्लंडच्या गादीवरील हक्काचा वाद मांडला गेला तेव्हा तो क्लूनीच्या मठाधिपतीबरोबर तिथे हजर होता. देशात मटिल्डा आणि राजा स्टीफन यांच्यात गादीसाठी यादवी चालू होती आणि ग्लॉस्टर हा मटिल्डाच्या पक्षाचा गड होता. ११४८ मध्ये त्याला हेरफर्डचा बिशप नेमले गेले. राजा स्टीफनपुढे निष्ठेची शपथ घेणार नाही, असे वचन त्याने मटिल्डाच्या मुलाला, म्हणजे पुढच्या दुसऱ्या हेन्रीला, दिले होते. प्रत्यक्षात इंग्लंडला परतताच त्याने स्टीफनपुढे शपथ घेतली. हेन्री संतापला. तेव्हा आर्चबिशप थिओबाल्डने त्याला समजावले की ज्या राजाला पोपने मान्यता दिली आहे त्याच्यापुढे शपथ घेण्याचे बिशप नाकारू शकत नाही. या प्रसंगाला मी महत्त्व देतो ते एवढ्यासाठी, की फॉलियटचा पुढचा सगळा स्वभाव यात बीजरूपाने दिसतो. व्यक्तीपेक्षा अधिकारपद मोठे, आणि वैयक्तिक वचनापेक्षा रीतसर मान्यता मोठी, असे मानणारा हा मनुष्य होता.

११६२ मध्ये राजाने आपला चॅन्सेलर, म्हणजे कारभारातला मुख्य अधिकारी, थॉमस बेकेट याला आर्चबिशप केले. त्याला उघड विरोध करणारा प्रमुख बिशप फॉलियटच होता. राजाने चमत्कारच केला, एका ऐहिक दरबाऱ्याचा आणि शिपाईगड्याचा आर्चबिशप करून दाखवला, हे त्याचे उपरोधिक उद्गार प्रसिद्ध आहेत. यात मत्सर होता, असे त्या काळीही बोलले गेले. असेलही. स्वतः विद्वान, व्रतस्थ, कायद्यात मुरलेला, आणि समोरून शिकारी ससाण्यांचा षोकीन चॅन्सेलर डोक्यावर येऊन बसतो, तेव्हा मनुष्यस्वभाव काही सुट्टीवर जात नाही. पण त्याच्या टीकेतला मुद्दा खोटा नव्हता, कारण राजाने हवा तो माणूस हव्या त्या पदावर बसवणे ही तर चर्चच्या स्वातंत्र्यावरची पहिली घाला होती, आणि त्या दिवशी चर्चच्या बाजूने बोललेला माणूस फॉलियट होता. पुढच्याच वर्षी त्याची बदली लंडनला झाली. राजा, पोप आणि स्वतः बेकेट या तिघांचीही तिला संमती होती. मात्र लंडनला आल्यावर त्याने बेकेटला आज्ञाधारकतेचे नवे वचन द्यायला नकार दिला. हेरफर्डला असताना कँटरबरीला वचन दिले आहे, ते पुरेसे आहे, हा त्याचा युक्तिवाद कायद्याला धरून होता, पण त्यातला काटाही कोणाच्या नजरेतून सुटला नाही.

भांडणाचा मूळ विषय होता गुन्हेगार पाद्र्यांचा. एखाद्या पाद्र्याने खून किंवा चोरी केली तर त्याचा खटला चर्चच्या न्यायालयात चाले, आणि तिथे देहदंड नसे. राजाचे म्हणणे असे की चर्चच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवून पाद्रीपद काढून घ्यावे आणि मग सामान्य माणूस म्हणून राजाच्या न्यायालयाने त्याला शिक्षा द्यावी. बेकेटचे उत्तर असे की एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही. जानेवारी ११६४ मध्ये क्लॅरेंडन येथे राजाने हा नियम आणि इतर पंधरा नियम लेखी मांडले. राजाच्या परवानगीवाचून बिशपांनी देशाबाहेर जायचे नाही, त्याच्या थेट सरदारांना त्याला न विचारता धर्मबहिष्कृत करायचे नाही, त्याच्या संमतीवाचून अपील रोमकडे न्यायचे नाही, रिकाम्या झालेल्या बिशपपदाचे उत्पन्न राजाकडे जमा व्हायचे, असे ते नियम होते.

क्लॅरेंडनला काय घडले याबद्दल फॉलियटची साक्ष आपल्याकडे आहे. ११६६ मध्ये त्याने बेकेटला एक लांबलचक, धारदार पत्र लिहिले. पहिल्या लॅटिन शब्दांवरून अभ्यासक त्याला ‘मल्टिप्लिसेम’ म्हणतात. एके काळी ते बनावट असल्याची शंका घेतली जाई, पण आज ते त्याचेच मानले जाते. त्यातला मुख्य आरोप असा की क्लॅरेंडनला बिशप डगमगले नव्हते. बंद खोलीत, धमक्यांच्या गदारोळातही ते सगळे आर्चबिशपच्या मागे ठाम उभे होते, आणि पाठ दाखवली ती सेनापतीने. बेकेटने अचानक तोंडी होकार दिला, बाकीच्यांनाही तो द्यायला लावला, आणि मग स्वतःच पश्चात्ताप करून फिरला. पत्रातला रोख एकतर्फी आहे हे उघड आहे, आणि बेकेटने चॅन्सेलरपद पैसे मोजून मिळवले हा त्यातला आरोप मी पुरावा म्हणून कधीच वापरत नाही. पण बेकेटने आधी मान्यता दिली आणि नंतर माघार घेतली, ही गोष्ट त्याचे चरित्रकारही नाकारत नाहीत. ज्याच्या शब्दावर आपण राजाला वचन दिले तोच शब्द फिरवतो, अशा नेत्याच्या मागे किती जावे, हा प्रश्न इतर बिशपांना पडला तर त्यात नवल नाही.

आता नॉर्थँप्टनचा प्रसंग जरा जवळून पाहू. ऑक्टोबर ११६४. राजाने बेकेटला दरबारात खेचले, एका प्रकरणात ५०० पौंडांचा दंड लावला आणि मग चॅन्सेलर असतानाच्या सगळ्या पैशांचा हिशेब मागितला. हा हिशेब म्हणजे त्याला पदावरून उखडण्याचे निमित्त होते, हे सगळेच जाणत होते. बिशपांची खलबते झाली. फॉलियटने सल्ला दिला की राजाने तुला किती वर चढवले ते आठव आणि राजीनामा दे. विंचेस्टरच्या वयोवृद्ध बिशप हेन्रीने त्याला तिथल्या तिथे अडवले: राजाच्या धमकीने एक आर्चबिशप पद सोडतो असा पायंडा पडला तर पुढे कोणताच बिशप राजापुढे उभा राहणार नाही. माझ्या मते त्या खोलीत त्या दिवशी झालेले सर्वांत शहाणे बोलणे हेच होते, आणि ते फॉलियटच्या तोंडून यायला हवे होते.

१३ ऑक्टोबरला सकाळी बेकेटने मुद्दाम संत स्टीफनची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, केली. तिची सुरुवात ‘अधिपती बसले आणि माझ्याविरुद्ध बोलले’ या स्तोत्राने होते. मग तो घोड्यावरून किल्ल्यात आला. आर्चबिशपपुढे क्रूस धरून चालण्याचे काम सेवकाचे. पण अंगणात उतरताच बेकेटने सेवकाच्या हातातून तो उंच क्रूस घेतला आणि स्वतः धरून दालनाकडे निघाला. अर्थ स्पष्ट होता: इथे मला राजाचे संरक्षण नाही, मी देवाच्या आश्रयाला आहे. दारापाशी बिशप गोळा झाले. कोणीतरी फॉलियटला म्हणाले, तुम्ही त्यांना क्रूस कसा काय धरू देता? फॉलियट म्हणाला की हा पहिल्यापासून मूर्ख आहे आणि कायम मूर्खच राहणार. मग त्याने क्रूसाचा दांडा पकडून तो हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला. बेकेट अंगापिंडाने मजबूत होता. त्याने सोडला नाही. दोन प्रौढ धर्मगुरू, एक लाकडी दांडा, भोवती अवाक् झालेले पाद्री आणि वरच्या मजल्यावर आपली चाल खेळत बसलेला राजा, असे ते दृश्य. फॉलियटने बेकेटला समजावले की तू आता तलवार उपसली आहेस, राजाने त्याची उपसली तर मग समेट करणार कोण?

चरित्रकारांनी हा प्रसंग फॉलियटच्या उद्धटपणाचा नमुना म्हणून सांगितला आहे. तो उद्धट होताच. पण त्या वाक्यात त्याची सगळी भूमिका आहे. त्याच्या दृष्टीने चर्चचे स्वातंत्र्य टिकते ते तडजोडीने, अर्जाने, अपिलाने आणि वेळ काढण्याने, आणि प्रतीकांची उघड लढाई सुरू झाली की या सगळ्या वाटा बंद होतात. म्हणून त्याच दिवशी बिशपांनी तोडगा काढला तोही अपिलाचाच. आर्चबिशपने आम्हाला शपथभंग करायला लावले, अशी तक्रार पोपकडे करायची आणि त्या बदल्यात राजाने आम्हाला आमच्याच आर्चबिशपविरुद्ध निकाल देण्याच्या पापातून वगळायचे. राजा कबूल झाला. बेकेट मात्र निकाल न ऐकताच निघून गेला, त्याच रात्री पळाला आणि पुढे फ्रान्समध्ये आश्रयाला गेला.

नोव्हेंबरमध्ये फॉलियट राजाच्या शिष्टमंडळाबरोबर फ्रान्समधल्या सेन्स येथे पोप तिसरा अलेक्झांडर याच्यापुढे उभा राहिला. तिथे त्याने बेकेटला उद्देशून बायबलमधले वचन टाकले, की पाठलाग करणारा कोणी नसताना दुष्ट पळतो. पोप म्हणाला, जरा दया करा. फॉलियट म्हणाला, त्यांच्यावर दया करतो. त्यावर पोप उत्तरला की त्यांच्यावर नव्हे, स्वतःवर करा. फॉलियटची बोलती बंद झाली. त्याच्यानंतर बोलायला उठलेल्या चिचेस्टरच्या हिलरीने लॅटिन क्रियापदाचे चुकीचे रूप वापरले आणि सभेत हशा पिकला. शिष्टमंडळ हात हलवत परतले.

पुढच्या सहा वर्षांत फॉलियटने पोपला जो सल्ला दिला, तो समजून घेण्यासाठी त्या काळच्या एका मोठ्या भीतीचे भान ठेवावे लागते. ११५९ पासून चर्चमध्ये फूट पडली होती. जर्मन सम्राटाने अलेक्झांडरविरुद्ध दुसरा पोप उभा केला होता. ११६५ मध्ये वुर्झबर्गला हेन्रीच्या दूतांनी त्या प्रतिस्पर्धी पोपच्या बाजूने शपथही घेऊन टाकली. अशा वेळी राजाला बहिष्कृत केले तर तो साऱ्या राज्यासकट पलीकडे जाईल. फॉलियटने पोपला लिहिले की जखमी अवयव शरीराला जोडलेला आहे तोवर बरा होण्याची आशा असते, कापून टाकला की ती संपते. हे राजाचे भाट असल्याचे लक्षण मला वाटत नाही. खुद्द पोपही त्या वर्षांत जवळपास असाच, एक पाऊल पुढे आणि एक मागे, वागत होता, आणि बेकेट त्याच्यावरही वैतागलेला असे.

अपिलाचे तंत्र थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून हे भांडण कळत नाही. वरच्या न्यायासनाकडे रीतसर अपील केले की खालच्या अधिकाऱ्याचा पुढचा निकाल थांबतो, आणि अपील चालवायला काही महिन्यांची मुदत मिळते. जून ११६६ मध्ये बेकेटने व्हेझले येथे राजाच्या काही माणसांना धर्मबहिष्कृत केले. लगेच इंग्लंडचे बिशप लंडनला जमले आणि फॉलियटच्या पुढाकाराने त्यांनी पोपकडे अपील केले. मुदत पुढच्या वर्षीच्या स्वर्गारोहणाच्या सणापर्यंतची. गंमत पाहा: रोमकडे अपील जाऊ नये म्हणून राजाने क्लॅरेंडनला नियम केला, आणि राजाला वाचवले ते रोमकडच्या अपिलानेच. हा विरोधाभास फॉलियटला दिसत नव्हता असे मला वाटत नाही. राजाला रोमच्या दारात उभे करणे हाच रोमचा अधिकार त्याच्याकडून कबूल करून घेण्याचा मार्ग होता, असे कदाचित तो मनाशी म्हणत असेल.

बेकेटचा संयम मात्र संपला होता. १३ एप्रिल ११६९ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, त्याने क्लेअरव्हो येथे खुद्द फॉलियटला धर्मबहिष्कृत केले. पण निकाल नुसता उच्चारून भागत नाही, तो बजावावा लागतो, आणि इंग्लंडच्या बंदरांवर राजाचा कडक पहारा होता. २९ मे, स्वर्गारोहणाचा सण. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये मिस्सा चालू होती. अर्पणाच्या वेळी बेरांजे नावाचा एक फ्रेंच तरुण वेदीजवळ गेला, गुडघे टेकले आणि पाद्र्याच्या हाती एक पुडके ठेवले. अर्पणच ते, म्हणून पाद्र्याने घेतले. तरुणाने त्याचा हात धरून ठेवला आणि सांगितले की हे आर्चबिशपचे पत्र आहे, वाचल्याशिवाय मिस्सा पुढे नेऊ नका. मग गर्दीकडे वळून त्याने मोठ्याने घोषणा केली की लंडनचा बिशप गिल्बर्ट बहिष्कृत झाला आहे, आणि लोकांच्या घोळक्यात तो दिसेनासा झाला. पोलीस ठाण्याची नोटीस घरात कोणी घेत नाही म्हणून दारावर चिकटवतात, तसाच काहीसा हा प्रकार, फक्त जिवावर बेतणारा.

आपल्याला आधी रीतसर बोलावले नाही, बाजू ऐकली नाही, आणि आपण अपील आधीच केले होते, अशी फॉलियटची तक्रार होती. तिन्ही मुद्दे कायदेशीरदृष्ट्या वजनदार आहेत. पण याच सुमारास लंडन हेच मुळात आर्चबिशपचे पीठ असायला हवे, हा जुना दावाही त्याच्या बाजूने पुढे आला. त्याला आधार होता: ६०१ साली पोप पहिल्या ग्रेगरीने आखलेल्या योजनेत लंडन आणि यॉर्क ही दोन मुख्य पीठे होती. तरीही पाचशेहून अधिक वर्षे धूळ खात पडलेला कागद ऐन भांडणात काढणे हे मला फॉलियटला न शोभणारे वाटते. तत्त्वाची लढाई इथे जमिनीच्या दाव्यासारखी होऊ लागते. ११७० च्या ईस्टरला रुआँ येथे, पोपच्या परवानगीने, त्याच्यावरचा बहिष्कार उठला.

आणि अवघ्या दहा आठवड्यांत, १४ जून ११७० रोजी, तो वेस्टमिन्स्टरला राजाच्या हयातीतच त्याचा मुलगा राजपुत्र हेन्री याला झालेल्या राज्याभिषेकात उभा होता. अभिषेक केला यॉर्कच्या आर्चबिशप रॉजरने. फॉलियट आणि सॉल्झबरीचा जोसेलिन हे त्याच्या साहाय्याला. राजाला अभिषेक करण्याचा मान कँटरबरीचा, ही जुनी रूढी. फॉलियटला इथे कोणताही कायदेशीर आडोसा सापडत नाही. लंडनचा बिशप हा कँटरबरी प्रांताचा डीन, म्हणजे आर्चबिशपच्या गैरहजेरीत प्रांताचे हक्क सांभाळणारा पहिला माणूस. बेकेट चुकीचा असला तरी कँटरबरीचा हक्क बेकेटच्या खिशातला नव्हता. ११४८ मध्ये ज्याने व्यक्तीपेक्षा पद मोठे मानले, त्याने ११७० मध्ये व्यक्तीवरच्या रागापोटी पदाचा मान दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला. वर्गात मी फॉलियटची वकिली करतो ती या दिवसापर्यंत.

जुलैमध्ये राजा आणि बेकेट यांच्यात वरवरचा समेट झाला. बेकेटने परतण्याआधीच पत्रे पुढे पाठवली: यॉर्कचा आर्चबिशप निलंबित, लंडन आणि सॉल्झबरीचे बिशप पुन्हा बहिष्कृत. तिघे समुद्र ओलांडून नॉर्मंडीत नाताळच्या दरबारी राजाकडे गेले. राजाचा संताप उसळला. ‘या उपद्रवी पाद्र्यापासून मला कोणी सोडवणार नाही का?’ हे जे प्रसिद्ध वाक्य आज त्याच्या तोंडी घातले जाते ते तशा शब्दांत समकालीन वृत्तांतांत नाही, पण आपल्या ताटातल्या भाकरीवर पोसलेल्यांपैकी कोणी या माणसाचा बंदोबस्त करत नाही, अशा आशयाचे तो बोलला यावर सर्वांचे एकमत आहे. चार शिलेदार निघाले आणि २९ डिसेंबरला कँटरबरी कॅथीड्रलमध्ये बेकेट मारला गेला.

फॉलियटचा बहिष्कार ऑगस्ट ११७१ मध्ये उठला, आणि मे ११७२ मध्ये, कृतीने, शब्दाने किंवा लेखाने आपण जाणूनबुजून हा मृत्यू घडवला नाही, अशी शपथ घेतल्यावर त्याला पद परत मिळाले. १२ जुलै ११७४ रोजी राजा अनवाणी कँटरबरीत आला, बेकेटच्या थडग्यापुढे पालथा पडला आणि बिशपांच्या व साधूंच्या हातून त्याने पाठीवर फटके घेतले. त्याआधी जमलेल्यांपुढे राजाच्या वतीने बोलायला उभा राहिला तो वृद्ध गिल्बर्ट फॉलियट. राजाने खुनाचा हुकूम दिला नव्हता, त्याची तशी इच्छाही नव्हती, परंतु रागाच्या भरात उच्चारलेल्या त्याच्या शब्दांनी मारेकऱ्यांना निमित्त मिळाले असावे आणि म्हणून तो क्षमा मागत आहे, असे त्याने सांगितले.